परवाना मागण्यापूर्वी

२९ सप्टेंबर २००६ रोजी आपल्या जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेव्हापासून आम्हां घरच्यांत शस्त्र परवान्याचा विषय निघतोच. अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींच्या रक्षणासाठी, गरज भासल्यास परवाने देण्याची तरतूद १९९५ च्या नियमांत आहे. तो आपला हक्क मागावा जरूर; पण बंधुभगिनींनो, पिस्तूल ही रोजची जबाबदारी आहे. २०१६ च्या नियमांनुसार बाहेर नेताना ते पूर्ण झाकलेले व आपल्या ताब्यात हवे. लग्नात बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या दोन खोल्या, त्यांत लेकरे. दारू, राग आणि पिस्तूल एका घरात नांदू शकत नाहीत. पेटीची चावी कोणाकडे राहील, हे घरच्या बाईसह सर्वांनी बसून ठरवावे. अर्ज मागाहून लिहावा.