समासातला प्रश्न

रविवार, रात्र. इंग्लंडातील शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांसाठी कन्येने धर्म, तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र हा ए-लेव्हलचा विषय मुक्रर केला, तेव्हा माझ्या मनात आलेली शंका आज तिच्या वहीने पार पुसून टाकली. कर्तव्याला परिणामांच्या हिशेबाबाहेर ठेवणारा कांटचा १७८५चा ग्रंथ आणि सुखदुःखांच्या वजाबाकीवर नीतीचा निवाडा करणारा, अवघ्या चार वर्षांनी प्रसिद्ध झालेला बेंथमचा ग्रंथ, हे दोन्ही तिथे एकाच पानावर समोरासमोर उभे होते. आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीला तिच्या आजाराचे खरे नाव सांगावे की नाही, हा आम्ही गतवर्षी दबक्या आवाजात निकालात काढलेला प्रश्न तिने समासात उदाहरणादाखल लिहिला होता. (ती तेव्हा झोपली आहे, असेच आम्ही समजत होतो.) त्याखाली फैसला मात्र लिहिलेला नाही. उद्या तिच्याजवळ बसून विचारीन.