पाळीवरचे झाड

मातीच्या बांधावर झाड लावू नये, हे आज मला ठाऊक आहे. सातव्या वर्षी नव्हते.

उमरेडहून मकरधोकड्याच्या तलावाकडे जाताना आडवाटेला आमची शेती. वरच्या माळावरून उतरणारा नाला पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत घुसू नये म्हणून त्याला मातीची पाळ घातलेली होती. ती आमची बोडी. त्या पाळीवर मी आंब्याची कोय पुरली. दोन पावसाळ्यांत झाड माझ्या खांद्याला आले. पाळ बांधली ती जणू त्याच्यासाठीच, असे मला वाटे.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेतचे मातीचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचे दगडी धरणही गेले आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. आबाजींनी ती बातमी रेडिओवर उभ्यानेच ऐकली. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन ते पाळीवर गेले आणि माझे झाड त्यांनी मुळासकट उपटले! खड्ड्यात चिकणमाती भरून धुमसाने ठोकली.

मी रडून आकांत केला. ते एवढेच म्हणाले, "पोरा, मुळं कुजली का पाण्याले वाट भेटते. खाली धा घरचं धान हाये."

मी अबोला धरला.

श्रावणात एका रात्री पाऊस कोसळू लागला. आबाजींनी मला उठवले आणि कंदील घेऊन आम्ही पाळीच्या पायथ्याशी गेलो. तिथे पाणी पाझरत होते. त्यांनी ते ओंजळीत घेऊन उजेडात धरले. "निवळ हाये. गढूळ आलं असतं तं समजाचं, पोटातली माती वाहून चालली." पलीकडे सांडव्यावरून जादा पाणी बेताने उतरत होते. पाळ शाबूत होती. परतताना मी त्यांचे बोट धरले. अबोला सुटला तो असा, न बोलताच.

पुढल्या वर्षी त्यांनी विहिरीजवळ आंब्याचे रोप लावले. ते झाड अजून फळते. आबाजी मात्र केव्हाच गेले.

गेल्या दिवाळीत नातीला बोडी दाखवायला नेले. धान पिवळे झाले होते. ती म्हणाली, "आजोबा, या पाळीवर एकही झाड कसं नाही? मी लावू?"

"नाही!" मी म्हणालो. आवाज इतका कडक निघाला की क्षणभर मीच मागे वळून पाहिले.