रंगाखालचा पत्रा

वैशाख तापू लागला की अकोल्याचे नाव हमखास वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. पारा ४५ अंशांपलीकडे जातो, दुपारी टिळक मार्गावरील वर्दळ ओसरते आणि दुकानांसमोर उभ्या मोटारींच्या टपाला हात लावण्याची सोय राहत नाही. माणूस सावलीला जातो. गाडी मात्र उन्हातच उभी असते.

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक संरक्षक थर असतो. हे सारे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जाड कागदाएवढीच. उन्हाने वरचा थर मऊ पडतो. त्यावर पडलेली पक्ष्याची विष्ठा दुपारभर राहिली, तर कायमचा डाग कोरला जातो. ती ओल्या कापडाने भिजवून, न घासता, तत्काळ उचलावी.

दुसरा शत्रू पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा शेतकऱ्याला जसा छळतो, तसाच गाडीलाही. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की पांढरे ठिपके उमटतात. म्हणून सकाळी, सावलीत, दोन बादल्या पाण्यात गाडी धुवावी: एक साबणाची, एक स्वच्छ. लगेच मऊ कापडाने कोरडी करावी. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने झटकणे म्हणजे रंगावर कानस फिरवणेच होय.

तिसरा शत्रू रस्ता. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. रस्ता सुधारला की वेग वाढतो आणि पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा बॉनेटवर अधिक जोराने आदळतो. उघडा पडलेला तेवढा ठिपका पावसाळ्याआधी टचअपने झाकला नाही, तर गंज आतल्या आत पसरतो.

शहरातील एका कापड व्यापाऱ्याच्या गाडीचे मागचे दार फाटकाच्या खांबाला घासले होते. विम्याचा दावा केला असता तर दाव्याविना वर्षांची सवलत, जी क्रमाने ५० टक्क्यांपर्यंत जाते, गेली असती. हिशेब मांडून त्यांनी खर्च स्वतःच सोसला. कारागिराने पोचा ठोकून काढला, लांबी भरली, वॉटर पेपरने घासली आणि रंग शेजारच्या पत्र्यावर हलकेच मिसळला. उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशी नवा रंग नुसत्या कोडवरून जुळत नाही, हे त्याला ठाऊक होते. काम इतके बेमालूम झाले, की घरच्यांनाही जागा सापडेना.

दोन वर्षांनी गाडी विकायला निघाली. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, दिसतच नाही, तर सांगायचे कशाला?’’ जाडी मोजणारे यंत्र दारावर ठेवले, तर लांबीखालचे सत्य क्षणात कळते. परंतु आलेल्या गृहस्थांकडे यंत्र नव्हते. व्यापाऱ्यांनी दारावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘हे दार रंगवलेले आहे. बाकी रंग कंपनीचा.’’

भाव काही हजारांनी उतरला. त्या गृहस्थांच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता पुढे त्याच दुकानात बांधला गेला.