५६ एपीओ

मागच्या महिन्यात लाँग वीकएंडला गावी गेलो होतो. आमचं गाव माण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी बाजूला. घराची डागडुजी चालली होती, त्यामुळे माळ्यावरचं सगळं सामान अंगणात आलं होतं. त्यात नानांची काळी ट्रंक होती. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झाले. ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेला त्यांचा नंबर, रँक आणि नाव अजून वाचता येतं. आत एक जुना युनिफॉर्म, दोन-चार मेडलं आणि सुतळीनं बांधलेला आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा. त्यातली बरीचशी पत्रं चक्क माझ्या अक्षरातली!

झालं असं होतं, की आजीला लिहिता येत नव्हतं. बाबा मुंबईला माथाडी कामगार, आईला रानातून सवड नाही, आणि नानांचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. त्यामुळे सहावी-सातवीपासून घराचा अधिकृत लेखनिक मीच. आजी चुलीपुढे बसून सांगणार आणि मी लिहिणार.

पत्ता मला पाठ होता. नंबर, रँक, नाव, कंपनी, पलटण, मार्फत ५६ एपीओ. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. मी शाळेतल्या नकाशात ५६ एपीओ शोधायचो, आणि ते रशियाच्या बाजूला कुठंतरी असणार असं मित्रांना ठोकून द्यायचो. :) खरा प्रकार पुढे कळला. सैन्याचं टपाल आधी लष्कराच्या डाक खात्याकडे जातं. कुठली पलटण आज कुठं आहे ते त्यांना माहीत असतं, तिथून पत्र पुढं जातं. जवान पंजाबातून राजस्थानात गेला तरी घरच्यांना पत्ता बदलावा लागत नाही, आणि तो नक्की कुठं आहे तेही कळत नाही. कॉलेजात सी शिकताना सगळी पोरं पॉइंटरला अडखळत होती. मला मात्र तो लगेच कळला, कारण मी दर पंधरा दिवसांनी एका पॉइंटरला पत्र लिहीत आलो होतो.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सीमेवर नेलं गेलं. ऑपरेशन पराक्रम. जवळजवळ दहा महिने लाखो जवान पाकिस्तानच्या सीमेवर उभे होते. युद्ध झालंच नाही, त्यामुळे आज आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते आठवतही नाही. नानांची पलटण राजस्थानात होती. रजा रद्द.

त्या काळातली नानांची पत्रं एका साच्यातली असायची. "ती. आईदादांना शि. सा. नमस्कार. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. हवापाणी चांगले आहे. काळजी नसावी."

हवापाणी म्हणजे काय होतं ते नानांनी आता, ट्रंकेशेजारी बसून सांगितलं. पहाटे उजाडायच्या आधी स्टँड टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन खंदकात. मग चहाचा मग. दिवसभर खंदक नीट करा, वाऱ्यानं वाळू आत आली की परत उपसा. लंगरची डाळ-रोटी, तिच्यातसुद्धा वाळू. पाणी टँकरचं, आंघोळ आठवड्यातून एकदा. संध्याकाळी पुन्हा स्टँड टू, रोल कॉल, मग डाक वाटायची. आणि रात्री गार्ड. दोन तास उभं राहायचं, चार तास सुट्टी, परत दोन तास. सीमेला लागून सुरुंग पेरलेले. ओळखीचा एक जण त्यातच गेला. हे कधीच पत्रात आलं नाही.

आणि आमचं हवापाणी? २००२ ला पावसानं देशभर दगा दिला, आमच्याकडे तर आधीपासूनच ओरड होती. विहीर कोरडी, गावात टँकर. म्हणजे काका आणि पुतण्या हजार किलोमीटरवर एकाच वेळी टँकरची वाट बघत होते आणि एकमेकांना "पाण्याची अडचण नाही" असं कळवत होते!

पण खरी गोष्ट पुढंच आहे. मे महिन्यात आजोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. मी पत्र लिहायला बसलो तर आजी म्हणाली, "त्येला ह्यातलं काय लिवू नगंस. रजा बंद हाय. तिथं बसून त्यो काय करनार, नुसता झुरंल." मी लिहिलं, "दादांची तब्येत चांगली आहे." एकदा नाही, चार पत्रांत.

आता गंमत बघा. नाना दर महिन्याला आजोबांच्या नावानं मनीऑर्डर करायचे. (ती जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली, त्यामुळे सांगतो.) पैसे मिळाले की घेणाऱ्याची सही असलेली पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जायची. आजोबा चौथी शिकलेले. सही मोडीच्या वळणाची, आणि तिचा त्यांना भारी अभिमान. जूनच्या पावतीवर सही नव्हती. डाव्या अंगठ्याचा ठसा होता, आणि खाली साक्षीदार म्हणून गुरुजींची सही.

आजीनं आणि मी पत्रं व्यवस्थित सांभाळली होती. पावतीचं आमच्या डोक्यातही आलं नाही.

"पावती बघितली आणि काळजात धस्स झालं," नाना म्हणाले. "मनीऑर्डर परत आली न्हाई, म्हंजे दादा हायेत, एवढं कळत हुतं. पण रात्री दोनच्या गार्डला ते पटत न्हाई बघ. वाटायचं, गेले असतील आन् ही लोकं लपवत्यात. सुभेदार साहेबांकडं जायचं तर कुठल्या तोंडानं? हातात पत्र, त्यात लिवलंय तब्येत चांगली."

मला हे वीस वर्षं माहीत नव्हतं. मला फक्त माझी बाजू माहीत होती. जुलैतल्या एका पत्रात सगळं ठरल्याप्रमाणे लिहून झालं, आजीला वाचून दाखवलं. मग डिंक लावायच्या आधी आतल्या घडीवर बारीक अक्षरात लिहिलं, "नाना, दादांचा उजवा हात आणि पाय चालत नाही. बोलतात पण नीट कळत नाही. तुमचं नाव कळतं." आणि पळत जाऊन पेटीत टाकलं. पुढं कित्येक दिवस आपण मोठा गुन्हा केलाय असं वाटत होतं.

नानांनी ते पत्र सुभेदारांना दाखवलं. श्रावणात पंधरा दिवसांची रजा मिळाली. ते दारात आले तेव्हा आजीनं आधी माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही. आजोबांनी डाव्या हातानं नानांचं मनगट धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. पुढच्या वर्षी आजोबा गेले तेव्हा नाना दहाव्यालाही पोचू शकले नाहीत.

मी विचारलं, "नाना, ते वाचून जास्त त्रास नाही झाला?"

"झाला की. पण त्या रात्री गार्ड संपल्यावर झोप लागली."

आजी चुकली असं मी म्हणणार नाही. लेकाला त्रास नको एवढंच तिला कळत होतं, आणि नाना तरी दुसरं काय करत होते? पण दूरच्या माणसाला आपण बातमी दिली नाही म्हणून त्याची काळजी थांबत नाही. हातात असेल त्या अंगठ्यावरून तो बाकीचं जुळवत बसतो, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईटच असतं.

गठ्ठा परत बांधताना नानांनी सहज विचारलं, "तुझं काय? कंपनीत ठीक हाय न्हवं? दिवाळीपासनं तू कामाचं काय बोलत न्हाईस."

"एकदम ठीक" तोंडावर आलं होतं. नोकरी जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते आणि घरी कुणालाच माहीत नव्हतं.

मग सांगितलं.