वीकएंडला हिंगोली? हो, हिंगोलीच!

‘गाव कुठलं तुझं?’ असं विचारलं की ऑफिसातला हिंगोलीचा मित्र हमखास म्हणतो, ‘नांदेडजवळ.’ पुढचं सांगण्यात पॉइंट नाही, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. आपल्या ट्रॅव्हल लिस्टमध्ये मराठवाडा म्हणजे अजिंठा-वेरूळ, आणि बातम्यांत म्हणजे दुष्काळ. मधलं सगळं गायब! तर मंडळी, या थंडीत कोकण आणि महाबळेश्वरला जरा सुट्टी द्या आणि सिद्धेश्वर गाठा.

पाणीच पाणी

औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. हे मातीचं धरण १९६८ सालचं आणि लांबीला सहा किलोमीटरहून जास्त. त्याचा जोडीदार वरच्या अंगाला, येलदरीला. येलदरीचं पाणी आधी वीज तयार करतं, मग खाली सिद्धेश्वरला येतं आणि इथून कालव्याने हिंगोली, परभणी, नांदेडच्या शेतांत जातं. एकाच पाण्याची डबल ड्यूटी!

इथे बोटिंग-बिटिंगच्या अपेक्षेने जाल तर बोअर व्हाल. इथे आहे लांबच लांब पाणी, मासेमारी करणारी माणसं आणि संध्याकाळचा वारा. हे पाणी साठलं तेव्हा कुणाच्या तरी जमिनी त्याखाली गेल्या आणि खालच्या अंगाला कुणाची तरी शेतं भिजली, हे लक्षात ठेवून बघा. ‘दुष्काळी’ हा एक शब्द मग पुरेनासा होतो.

फिरलेलं देऊळ

जवळच औंढा नागनाथ. हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवं, अशी इथली श्रद्धा. देऊळ यादवकाळातलं, हेमाडपंती. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघताना मान दुखेल, पण बघाच. वरचा भाग नंतरच्या काळातला, तो फरक लगेच डोळ्यांत भरतो. गाभारा जमिनीखाली. अरुंद वाटेने वाकून उतरावं लागतं, तेव्हा पाठीवरची सॅक बाहेरच ठेवा.

गोष्ट अशी सांगतात, की नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही. ते मागे जाऊन बसले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं! नंदी मागच्या बाजूला का, याचं इथलं उत्तर हेच.

नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसीही याच जिल्ह्यात आहे. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे शीख भाविकही नरसीला येतात. पंजाबातलं घुमान नामदेवांमुळेच आपल्याला माहीत, २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथे झालं होतं. घुमानपर्यंत पोचलेलं गाव पुण्या-मुंबईला मात्र अजून लांबच!

आणि थेट ब्लॅक होल

आता मोठा ट्विस्ट. औंढ्याजवळ दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा ‘एल’ आकाराची, प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजांची. कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्याची बारीकशी थरथर इथे टिपायची आहे. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी २०१५ मध्ये ती पहिल्यांदा टिपली. इथल्या प्रकल्पासाठी केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

हिंगोलीच का? कारण अशा यंत्राला रेल्वेची धडधड, हायवेची वर्दळ, समुद्राच्या लाटा, काहीच चालत नाही. आपण ज्याला ‘तिथे काहीच नाही’ म्हणतो, तेच शास्त्रज्ञांना हवं होतं! बांधकाम चालू असल्याने आत फिरता येईल असं गृहीत धरू नका.

हळदीचा वास

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर बोनस! वसमत-हिंगोली हा हळदीचा पट्टा. शेतात हळद शिजवणं आणि वाळवणं चालू असतं, मोंढ्यात पिवळी रास लागते. कुणी ‘काय पाहायलात?’ म्हणून विचारलं तर थांबा, गप्पा मारा. भाकरी-ठेच्याचं आमंत्रण आलं तर डाएटचं कारण सांगू नका.

परत आल्यावर ऑफिसातल्या त्या मित्राला सांगा, ‘तुझ्या हिंगोलीला जाऊन आलो.’ पुढच्या वेळी तो ‘नांदेडजवळ’ म्हणणार नाही.

कसं जाल? पुण्या-मुंबईहून नांदेडकडे जाणाऱ्या रात्रीच्या रेल्वेने परभणी. तिथून औंढा सुमारे ५० किलोमीटर, एसटी किंवा जीप. शनिवारी औंढा आणि सिद्धेश्वर, मुक्काम हिंगोलीत, रविवारी नरसी.
कधी? पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंत.
लक्षात ठेवा : धरणावर फोटो काढण्याआधी चौकीदाराला विचारा. पाण्यात उतरू नका. प्लास्टिक परत आणा.