गोळी उघड्या हातावर

वरणात गोळी कालवून देतो, हे घरचे मला पहिल्या भेटीत सांगत नाहीत. ओळख झाली की आवाज खाली करून सांगतात. "सिस्टर, तो हातात घेतच नाही, मग काय करायचं?" असं विचारणाऱ्या आईवर मी रागवत नाही, रात्र रात्र दाराला पाठ लावून बसलेली बाई असते ती. पण गोळी लपवायची नाही, यावर मी अडून बसते. आपल्या जेवणात कुणी विष कालवतंय असं ज्याला आधीच वाटतंय, त्याला एक दिवस वाटीच्या तळाशी पांढरा चुरा दिसला, की आजाराने सांगितलेलं सगळं खरं ठरतं. मग घरचं जेवणच सुटतं.

म्हणून गोळी उघड्या हातावर ठेवायची, नाव सांगायचं, कशासाठी ते सांगायचं. नको म्हणाला तर का, ते विचारायचं. कारण बहुधा सरळ असतं. हॅलोपेरिडॉलने अंग ताठरतं, हात कापतात, भाताच्या लावणीला वाकता येत नाही. ओलांझापिनने भूक खवळते. क्लोरप्रोमाझिनवर असलेल्याची कातडी उन्हात लवकर भाजते. हे त्रास खरे आहेत. डॉक्टरांपर्यंत पोचले तर मात्रा बदलते, गोळी बदलते, काहींना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालतं. अमेरिकेतल्या मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनर औषध स्वतः लिहून देतात. आपल्याकडे ते काम डॉक्टरांचं. लिहिलेलं औषध पोटात जातं का, आणि गेल्यावर माणूस कसा जगतो, ते मी पाहते.

जनरल नर्सिंगनंतर मी मानसोपचार नर्सिंगचा डिप्लोमा केला. शिकले मात्र रात्रपाळीत. उन्माद चढायच्या आधी झोप तुटते. माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो आणि घरच्यांना वाटतं, बरा झाला. त्यामुळे आजही माझा पहिला प्रश्न झोपेचाच असतो. दुसरा, लिथियम घेणाऱ्यांसाठी, पावसाळ्यातला: जुलाब झाले का, अंगदुखीवर दुकानातून गोळी आणली का? अंगातलं पाणी कमी झालं किंवा इबुप्रोफेनसारखी गोळी सोबत गेली, तर रक्तात लिथियम वाढतं. हात जास्त कापू लागले, तोल जाऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

मी फिरते त्या मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे टॉवर आहेत, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा पाऊस. वरच्या वाडीतून पौडला दवाखान्यात यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही. आधी भगताकडे जातात, ते मला कळतं. तो घराजवळ असतो आणि वेळ देऊन ऐकतो. अंगारा लावा, गोळी चुकवू नका, एवढंच मी म्हणते. साखळी दिसली तर मात्र तडजोड नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणसाला साखळदंडाने बांधायला मनाई आहे, आणि तो कायदा येण्याआधीही ते चूकच होतं.

आता 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावता येतो. मी तो नंबर प्रत्येक घरात लिहून देते, आशाताईंनाही देते. पण ताठरलेलं मनगट फोनवर वाकवून पाहता येत नाही. त्यासाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसोपचार शिकलेली एक परिचारिका हवी, आणि वाड्यांवर फिरण्यासाठी तिला गाडी हवी.