खेळण्यांचे वय

डिस्ने या अमेरिकन चित्रसंस्थेने १९३७ साली ‘स्नो व्हाइट’ काढून पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांची जी परंपरा सुरू केली, तिच्यात एकदा सांगून संपवलेल्या कथेचे दप्तर पुन्हा उघडण्याची वहिवाट अर्धशतकाहून अधिक काळ नव्हती. १९९० साली ‘द रेस्क्युअर्स डाउन अंडर’ हा त्या घराण्यातला पहिला उत्तरभाग चित्रगृहांत आला आणि त्याला बेताचाच आश्रय मिळाला. उलट १९९४ साली ‘अलादीन’चा ‘द रिटर्न ऑफ जाफर’ हा उत्तरभाग चित्रगृहाची पायरी न चढता थेट व्हिडिओ कॅसेटवर निघाला, थोडक्या खर्चात तयार झालेला असूनही घरोघर खपला, आणि तेव्हापासून असा शिरस्ता पडत गेला की मूळ चित्रपट संस्थेच्या उत्तम कलावंतांनी काढावा व त्याचा उत्तरभाग दुसऱ्या फळीने, घरच्या लहान पडद्यापुरता, उरकावा. डिस्नेशी करार असलेल्या पिक्सार संस्थेच्या ‘टॉय स्टोरी’च्या वाट्यालाही असाच साठ मिनिटांचा व्हिडिओपट यायचा होता. तो १९९९ च्या नोव्हेंबरात ‘टॉय स्टोरी २’ या नावाने चित्रगृहांत आला, तेव्हा मूळ कृतीच्या शेजारी, आणि माझ्या मते दोन-तीन ठिकाणी तिच्याही वर, बसण्याची योग्यता घेऊन आला.

ॲनिमेशन करणे आणि शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हे दोन चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. उत्तरभाग मूळ कृतीशी ताडून पाहताना सामान्यतः पात्रे तीच आहेत काय, विनोद तितकाच रंगला आहे काय आणि तंत्र किती पुढे सरकले, एवढ्याच बाबींची रुजवात घातली जाते. मला ती अपुरी वाटते. पहिल्या चित्रपटाने आपल्या सृष्टीसाठी जे नियम घालून दिले, त्यांपैकी कोणत्या नियमाचा पुरता विचार न करताच तो पुढे गेला होता, आणि उत्तरभागाने नेमका तोच नियम हाती घेतला की नाही, हे मी पाहतो. या कसोटीवर ‘टॉय स्टोरी २’ फार थोड्या उत्तरभागांच्या पंक्तीला बसतो. पहिल्या चित्रपटाने खेळण्यांना प्राण दिले. दुसऱ्याने त्यांना वय दिले.

जॉन लॅसेटर यांनी दिग्दर्शित केलेला मूळ चित्रपट २२ नोव्हेंबर १९९५ रोजी प्रदर्शित झाला आणि संपूर्णपणे संगणकावर निर्माण झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून त्याची इतिहासात नोंद झाली. त्याचे नायक खेळणी असावेत हा निर्णय जितका कल्पनेचा होता तितकाच साधनांच्या मर्यादेचाही होता, कारण त्या काळच्या रेंडरिंगमधून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू थोडीबहुत प्लॅस्टिकचीच दिसे. याच मंडळींनी १९८८ साली केलेल्या ‘टिन टॉय’ या लघुपटाला ऑस्कर मिळाले खरे, परंतु त्यातल्या तान्ह्या बाळाची त्वचा आजही पाहवत नाही. तेव्हा जे जन्मतःच प्लॅस्टिकचे व लाकडाचे आहे त्यालाच नायकत्व देणे हे शहाणपणाचे होते. मात्र मर्यादेचे सोने करायला लागणारी तपस्या त्या मंडळींपाशी होती. हिरव्या प्लॅस्टिकच्या सैनिकांचे पाय एकाच पट्टीला जोडलेले असतात, म्हणून ते चालतील कसे हे कळावे यासाठी ॲनिमेटरांनी स्वतःचे बूट फळीवर खिळ्यांनी ठोकून खोलीभर चालून पाहिले. आणि वुडी या कापडी काउबॉयच्या हालचालीसाठी ७२३ नियंत्रणे बनवली गेली, त्यांपैकी २१२ केवळ चेहऱ्यासाठी व त्यांतली ५८ एकट्या तोंडासाठी होती. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगकाड्या एकेका फ्रेमने सरकवून नाचवल्या, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच उभा राहिला असणार: वस्तूचा वस्तुपणा मोडू न देता तिला जिवंत कसे करावे? साधने बदलली, पेच तोच राहिला.

मूळ कथेचा गाभा पदच्युतीच्या भयाचा आहे. संस्थानातल्या जुन्या, निष्ठावंत कारभाऱ्याने नव्या दिवाणाच्या नेमणुकीचे फर्मान ऐकावे, तशी मालक असलेल्या अँडी नावाच्या मुलाच्या वाढदिवशी पलंगावर येऊन उभ्या राहिलेल्या बझ लाइटइयर या अंतराळवीर खेळण्याला पाहून वुडीची अवस्था होते. हा मत्सर प्रेक्षकाला सहन होईल इतका मृदू करणे सोपे नव्हते; १९९३ च्या नोव्हेंबरात डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखवलेल्या स्टोरीरीलमधला, म्हणजे रेखाटनांच्या कच्च्या मांडणीतला, वुडी इतका दुष्ट व कडवट होता की काम थांबवण्याचा हुकूम झाला आणि पटकथा पुन्हा लिहावी लागली. त्या पुनर्लेखनातून जे हाती आले ते रचनेच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष आहे. दोन घरे, एक पेट्रोलपंप, एक पिझ्झाचे दुकान आणि एक रस्ता, एवढ्या आटोपशीर जागेत एक्याऐंशी मिनिटांत सगळा मामला मिटतो, आणि एकही प्रसंग काढून घेता येत नाही. परंतु या नेटकेपणासाठी एक किंमत मोजली गेली: चित्रपटातला काळ एका वाढदिवसापासून नाताळापर्यंतचा आहे, आणि अँडी पुढे मोठा होणार, ही गोष्ट त्या सृष्टीत कोणीच मनात आणत नाही. खेळण्याचे अस्तित्व मुलासाठी आहे हा नियम तेथे निर्विवाद मानला आहे. मूल ही तात्पुरती अवस्था आहे, हे मात्र तेथे कोठेच नोंदलेले नाही.

दुसऱ्या भागाने तेथेच हात घातला. परंतु पहिल्या मसुद्यात नव्हे. पिक्सारची मुख्य फळी ‘अ बग्ज लाइफ’मध्ये गुंतलेली असताना हा उत्तरभाग वेगळ्या, कमी अनुभवी चमूकडे सोपवलेला होता. डिस्नेशी झालेल्या पाच चित्रपटांच्या करारात उत्तरभागाची गणतीही होणार नव्हती. १९९८ च्या आरंभी व्हिडिओऐवजी चित्रगृहासाठी तो करावा असे ठरले, आणि त्याच वर्षी ती प्रसिद्ध आपत्ती ओढवली: संगणकावर चुकून दिल्या गेलेल्या एका आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या जाऊ लागल्या, कार्यालयातल्या राखीव प्रतीही निकामी ठरल्या, आणि बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या पर्यवेक्षक गॅलिन सुस्मन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती म्हणून काम वाचले. ही हकीकत आमच्या व्यवसायात फार आवडीने सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो: एवढ्या नशिबाने वाचवलेल्या त्या कामाचा मोठा भाग पुढे पिक्सारने आपल्याच निर्णयाने बाजूला ठेवला. ‘अ बग्ज लाइफ’ संपवून आलेल्या लॅसेटर यांनी रीळ पाहिले, ते त्यांना मान्य झाले नाही, आणि प्रदर्शनाची तारीख हलणार नाही हे स्पष्ट असतानाही सुमारे नऊ महिन्यांत चित्रपट नव्याने उभारण्याचे ठरले. या मुदतीचा बोजा माणसांवर भयंकर पडला. अतिश्रमाने कित्येकांचे हात व मनगटे दुखावली, आणि थकव्याने भ्रमिष्टासारखा झालेला एक कलावंत आपले तान्हे मूल उन्हातल्या मोटारीत विसरला, ते वाचले. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी आपल्या पुस्तकात हे सारे उघडपणे लिहिले आहे. चित्रपट कितीही थोर झाला तरी असली किंमत योग्य ठरत नाही, असे माझे मत आहे, आणि विद्यार्थ्यांना मी ते प्रत्येक वेळी सांगतो.

पहिल्या मसुद्यात उणे होते ते काय? अल नावाचा खेळण्यांचा व्यापारी वुडीला पळवून नेतो, वुडी हा पन्नासच्या दशकातल्या एका दूरदर्शन मालिकेतला दुर्मीळ संग्राह्य बाहुला असल्याचे उघड होते, आणि टोकियोच्या संग्रहालयात अमर व्हायचे की अँडीकडे परत जायचे, अशी निवड त्याच्यापुढे येते, इतके कथानक तेव्हाही होते. उणे होते ते निवडीचे वजन. कारण वुडी घरी परतणार हे पहिल्या रांगेतल्या मुलालाही ठाऊक होते. पुनर्लेखनात दोन गोष्टींनी ते वजन आणले. पहिली म्हणजे व्हीझी हा रबरी पेंग्विन: शिट्टी बिघडली म्हणून तो फळीवर धूळ खात पडला आहे, आणि हात उसवलेल्या वुडीलाही त्याच फळीवर जागा मिळते. दुसरी म्हणजे वुडीच्याच मालिकेतली काउगर्ल बाहुली जेसी, आणि तिचे गाणे.

ते गाणे रँडी न्यूमन यांनी रचले व सारा मॅक्लॉक्लन यांनी गायले. त्या काही मिनिटांत एकही संवाद नाही. एमिली नावाच्या मुलीची खोली, घोड्यांची चित्रे, झाडाखालचा खेळ. मग भिंतीवरची चित्रे बदलतात, नखांना रंग लागतो, टेलिफोनवर मैत्रिणी येतात, आणि बाहुली पलंगाखाली घरंगळते. तेथे ती वर्षानुवर्षे पडून राहते. एके दिवशी हात आत येतो, तिला उचलतो, मोटारीत बसवतो, आणि जुन्या झाडाकडे निघालो या आनंदात असलेली जेसी दान करायच्या पेटीत पोहोचते. ॲनिमेटर म्हणून मला येथे सर्वांत धीट वाटतो तो हा संयम की एमिलीला कोठेही क्रूर केलेले नाही. ती केवळ मोठी झाली आहे. मूळ चित्रपटाला भीती निर्माण करण्यासाठी सिडसारखा खेळणी मोडणारा मुलगा लागला होता. दुसऱ्या भागाला तशा कोणाची आवश्यकता उरत नाही, कारण प्रेम करणारे मूलच काळाच्या स्वाधीन आहे.

पहिल्या चित्रपटातली एक खूण दुसऱ्याने ज्या तऱ्हेने वापरली आहे, ती मी रचनाकौशल्याचा उत्तम दाखला म्हणून वर्गात दाखवतो. मूळ कथेत आपण अंतराळवीर नसून खेळणे आहोत हे कळून खचलेल्या बझला स्वतःच्या तळपायावर अँडीच्या अक्षरांतले नाव दिसते आणि तो उभा राहतो. दुसऱ्या भागात वुडीची दुरुस्ती करायला एक वृद्ध कारागीर येतो. हा १९९७ च्या ‘गेरीज गेम’ या लघुपटातला बुद्धिबळ खेळणारा म्हातारा आहे. तो वुडीचे डोळे पुसतो, हात शिवतो, गालांना रंग देतो, हे सर्व इतक्या मायेने व कौशल्याने चालते की पाहणारा तल्लीन व्हावा. आणि शेवटी तोच कुंचला बुटाच्या तळव्यावरून फिरवून तो अँडीचे नाव मिटवून टाकतो. आता हा केवळ मांडून ठेवण्याजोगा, फार हाताळू नये, असेही बजावतो. सुंदर होणे आणि कोणाचाही नसणे या दोन गोष्टी एकाच हाताने, एकाच प्रसंगात घडतात. पुढे वुडी तो रंग स्वतः खरवडून काढतो, तेव्हा त्याच्या निर्णयासाठी शब्दांची गरज उरत नाही. बझ त्याला सोडवायला येतो व वुडीनेच एकेकाळी शिकवलेले खेळण्याचे कर्तव्य त्याला परत ऐकवतो, ती उलटापालटही नेटकी आहे. पण खरवडलेल्या रंगाची बरोबरी तिला करता येत नाही.

याच भागाने मूळ वैराला इतिहासही दिला. वुडीची मालिका बंद का पडली, तर स्पुटनिक आकाशात गेला आणि मुलांना काउबॉयऐवजी अंतराळवीर हवे झाले. पहिल्या चित्रपटात एका मुलाच्या खोलीतली वाटलेली चुरस एका पिढीची होती, हे असे चार वर्षांनी कळते, आणि कळल्यावर मूळ चित्रपट पुन्हा पाहताना वुडीच्या भयाला नवी खोली येते. तंत्राबद्दल थोडक्यात सांगतो: अलच्या दाढीचे खुंट, बस्टर कुत्र्याची लव आणि फळीवरची धूळ यांतली प्रगती स्पष्ट आहे, पण या कथेत धुळीलाही अर्थ आहे, म्हणून ती लक्षात राहते.

उणिवाही आहेत. विमानतळावरचा सामानाच्या पट्ट्यांमधला पाठलाग लांबला आहे. मूळ चित्रपटातल्या सामानगाडीच्या पाठलागात प्रत्येक वळण पात्रांच्या नात्यातून निघते, येथे ते यंत्रांच्या सामर्थ्यातून निघते. त्याहून मोठी उणीव स्टिंकी पीट या सोने शोधणाऱ्या म्हाताऱ्याच्या बाबतीतली आहे. पेटीतून कधीच बाहेर न निघालेले, दुकानाच्या फळीवरून इतरांची विक्री पाहत जन्म काढलेले हे खेळणे. अँडी तुला कॉलेजात नेणार आहे काय, हा त्याचा वुडीला प्रश्न. साऱ्या चित्रपटात इतका न्याय्य प्रश्न दुसरा नाही, आणि तो विचारणाऱ्यालाच खलनायक ठरवून कथा आपली सुटका करून घेते. अँडीला मोठे होण्यापासून मी अडवू शकत नाही, पण ते पाहण्याची संधी मी सोडणार नाही, अशा आशयाचे वुडीचे उत्तर उदात्त आहे. ते पीटच्या तोंडावर दिले जाते, पण त्यानंतर लगेच त्याला खल ठरवले नसते तर मला अधिक समाधान झाले असते.

तो प्रश्न मात्र दप्तरी दाखल होऊन राहिला. मूळ चित्रपट एकटा उभा राहू शकत होता. दुसऱ्यानंतर तिसरा काढणे हे कर्तव्य होऊन बसले. ‘टॉय स्टोरी ३’ २०१० साली आला, आणि दुसऱ्या भागाचे सहदिग्दर्शक ली अंक्रिच यांनी तो दिग्दर्शित केला. त्यात सतरा वर्षांचा अँडी घर सोडण्यापूर्वी खोली आवरतो, इतर खेळणी माळ्यावर ठेवण्यासाठी पिशवीत भरतो, आणि वुडीला कॉलेजात न्यायच्या पेटीत ठेवतो. पीटच्या प्रश्नाला असे शब्दशः होकारार्थी उत्तर मिळते, आणि तेवढ्याने प्रश्न सुटत नाही हे दाखवायला तिसऱ्या चित्रपटाला आपला सबंध अवधी लागतो.